ओळख सांगणे हीही साक्षच

एखाद्या रानरोपाचे किंवा जाळे विणणाऱ्या कोळ्याचे नाव सांगणे ही नीतीची बाब होऊ शकते काय? काही वाचक म्हणतील, हे काम शास्त्रज्ञांचे, त्यात धर्माचा काय संबंध? परंतु पवित्र शास्त्रातील अलीशा संदेष्ट्याची कथा आठवावी. गिलगाल येथे दुष्काळ असता एक जण रानात भाजी खुडावयास गेला आणि अनोळखी रानवेलीची फळे वस्त्रात भरून घेऊन आला. ती चिरून हंड्यात पडली, आणि खाणाऱ्यांनी एकच ओरड केली की अन्न विषारी आहे. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू चांगला म्हणून विषाचे अन्न होत नाही.

आजही असे घडू शकते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात रेडमंड गावी नोकरीनिमित्त बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्या भागात रानगाजर उगवते, तसेच विषारी हेमलॉकही उगवते. सॉक्रेटिसाला देहदंड देण्यात आला तो याच हेमलॉकच्या विषाने. दोन्हींची पाने बारीक चिरलेली, दोन्हींना पांढऱ्या फुलांचे झुबके. मात्र रानगाजराचा देठ केसाळ असतो, तर हेमलॉकचा गुळगुळीत व जांभळ्या डागांचा. एवढे पाहण्याचा कंटाळा जिवावर बेतू शकतो.

याच्या उलट चूक त्याच मुलखात एका कोळ्याच्या बाबतीत झाली. युरोपातून आलेला हा कोळी १९३० च्या सुमारास सिअॅटलच्या परिसरात आढळला. त्याचे लॅटिन नाव 'अग्रेस्टिस', म्हणजे शेतातला. लोकांनी त्याचे 'अग्रेसिव्ह', म्हणजे हल्लेखोर, करून टाकले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांस कुजविणाऱ्या जखमांचा दोष त्याच्यावर आला, आणि घरोघरी दिसेल तो तपकिरी कोळी मारला जाऊ लागला. वास्तविक हा कोळी नुसत्या रंगावरून ओळखता येत नाही. खात्रीसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. पुढे २०१४ साली ओरेगॉन राज्यातील पडताळून पाहिलेल्या दंशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हा आरोप सिद्ध झाला नाही. अशा खोट्या आरोपाने माणसाचेही नुकसान होते. कोळ्याला दोष देऊन मोकळे झाले की जखमेचे खरे कारण, जंतुसंसर्ग वा दुसरा विकार, तसेच राहून जाते.

ओळख म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. परंपरेने सांगितले जाते की, दावीद रहाबी यांनी आपल्या स्त्रियांपुढे मासळी ठेवली असता त्यांनी पंख व खवले पाहून योग्य तेवढीच निवडली, आणि त्या खुणेवरून आपली ओळख पटली. पुढे इस्रायलमध्ये १९६२ साली, विवाहाच्या वेळी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करावी असा आदेश निघाला. आपल्या बांधवांनी निदर्शने केली, आणि १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदीच आहोत असे जाहीर केले. आपल्याला तोंड होते, म्हणून उत्तर देता आले. कोळ्याला ते नाही. त्याच्या वतीने पुरावा मागणे आपल्याच हाती आहे.

म्हणून नाव सांगणे ही साक्ष आहे, आणि खोट्या साक्षीची आज्ञा येथेही लागू पडते. मोशेचे नियमशास्त्र एकाच साक्षीवर कोणाला दोषी ठरवू देत नाही. निसर्गाच्या हौशी अभ्यासकानेही एका खुणेवर थांबू नये: पान पाहावे, देठ पाहावा, जागा व ऋतू पाहावा, जाणत्याला विचारावे. तरीही संशय उरला, तर रोप तोंडात घालू नये आणि कोळ्यावर चप्पल उगारू नये. दोन्ही ठिकाणी नियम एकच, हात आवरणे. 'मला ठाऊक नाही' असे म्हणावयास जिभेला शिकवावे, असा आपल्या ज्ञानी गुरूंचा उपदेश आहे. मुलांना शंभर नावे पाठ करून देण्याआधी हे एक वाक्य न लाजता म्हणावयास शिकवू या.