दुआ कबूल झाली नाही तर?

2021 ची लाट ओसरून शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हाची गोष्ट. सहावीच्या वर्गात मी दुआचे महत्त्व सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, अब्बा दवाखान्यात होते तेव्हा मी पाचही वेळा नमाज पढून दुआ मागत होतो. तरी अब्बा गेले. घरचे म्हणतात, माझ्याच दुआत कसर राहिली.’’

वर्ग गप्प झाला. मीही. बी.एड.ला शिकलेल्या कोणत्याच पाठात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवला. इ.स. 632. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. मूल दोन वर्षांचेही नव्हते. पैगंबरांचे डोळे वाहू लागले. एका सहाबींना नवल वाटले, तेव्हा हे अश्रू म्हणजे रहमत आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यानेही शोक केला. पैगंबरांनी ते साफ नाकारले. चंद्र-सूर्य अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्ममृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी समजावले आणि लोकांना घेऊन दीर्घ नमाज अदा केली.

ते रडले, दुःखाला खोटा अर्थ चिकटवू दिला नाही आणि तरीही अल्लाहपुढे उभे राहिले. त्यांच्या दुआत कसर होती, असे कोण म्हणेल?

मग मागायचे कशाला? तवक्कुल म्हणजे सौदा नव्हे. इतक्या नमाजा दिल्या, तेवढे आयुष्य मिळाले, असा हिशेब तिथे नसतो. औषधपाणी करायचे, धावपळ करायची, हातही पसरायचे. निकाल मात्र आपल्या हाती नाही. पण ज्याच्यापुढे मन मोकळे केले, तो सोबत आहे या भरवशावर माणूस निकालानंतरचा दिवस काढतो. दुआ तिथेही कामी येते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हा प्रसंग सांगितला. त्याने एवढेच विचारले, ‘‘पैगंबरसाहेबही रडले?’’ मी म्हटले, ‘‘हो, बेटा.’’

आपण मोठ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मयतीच्या घरी गेल्यावर कुणाचा इमान तोलू नये. तो हक्क आपला नाही. त्यांच्या शेजारी बसावे आणि त्यांच्यासाठी दुआ मागावी.