बंधारा, फड आणि गाळ

येत्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातील दीड हजारांहून अधिक वृक्ष हटविण्याचा प्रस्ताव 2025 च्या अखेरीस पुढे आला आणि नाशिककरांत दोन तट पडले. त्या वादात एका विद्वान अभियंत्यांनी जाहीरपणे मांडलेला सिद्धान्त मला अद्याप स्वस्थ बसू देत नाही. यंत्रविद्या स्वयंगतीने पुढे जाते, समाज आपली वहिवाट तिच्यामागून बदलतो, संस्कृती कालांतराने त्या बदलास मान्यता देते, आणि निसर्गाची जी हानी होईल ती एका झाडामागे दहा झाडे लावून भरून काढता येते, असे त्यांचे प्रतिपादन. आणि आपल्या पक्षाच्या साक्षीस त्यांनी उभे केले ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना.

हा क्रम एकेरी नाही, हे पाहण्यास नाशिककराने रामकुंडापलीकडे जाण्याचे कारण नाही. स्नानार्थींच्या सोयीसाठी घाट वाढले आणि कुंडांचे तळ काँक्रीटने बांधून काढण्यात आले. वरच्या अंगास गंगापूर धरणाने गोदावरीचा प्रवाह अडविला. परिणामी पर्वणीच्या स्नानाचे पाणीसुद्धा धरणाच्या दरवाज्यांतून सोडावे लागू लागले, आणि 2015 च्या सिंहस्थात त्या पाण्याचा तंटा मुंबई उच्च न्यायालयात गेला. श्रद्धेने यंत्रास पाचारण केले, यंत्राने नदीचे रूप पालटले, आणि पालटलेल्या नदीने श्रद्धेला पाटबंधारे खात्याच्या हुकुमाची ताबेदार केले.

आता साक्षीदाराकडे वळू, कारण विश्वेश्वरय्यांवर माझीही निष्ठा आहे. 1884 साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या उमेदवारीची वर्षे नाशिक-खानदेशाच्या मुलखात गेली. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सर्वांच्या स्मरणात राहिले. परंतु त्यांच्या प्रज्ञेचा खरा प्रत्यय येतो तो दख्खनच्या कालव्यांवरील त्यांच्या ब्लॉक पद्धतीत. कालव्याच्या तोंडाशी असलेला बागाईतदार वाटेल तेव्हा पाणी घेई, ऊस वाढवी आणि अतिपाण्याने आपलीच जमीन नासवी, तर शेपटाकडील गाव कोरडे राही. यावर त्यांनी अधिक उंच धरण सुचविले नाही. भिजणारे क्षेत्र ठराविक गटांत बांधून दिले, उसाला त्यातील एका हिश्शाचीच मुभा ठेवली, उरलेल्या जमिनीवर हंगामी पिकांचा फेर धरला आणि तेच पाणी अधिक गावांत पोहोचविले. ज्या अभियंत्याने हक्क आणि मर्यादा यांची रचना हेच यंत्राचे प्रधान अंग मानले, त्याला यंत्राच्या स्वयंगतीचा साक्षीदार करणे हा त्याच्या स्मृतीवर अन्याय आहे.

आणि ही रचना ज्या प्रदेशात त्यांनी उमेदवारी केली तेथे शतकांपूर्वीच नांदत होती. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवरील दगडी बंधाऱ्यांखाली बागलाण-खानदेशात फड पद्धती चालत आली. गावची भिजणारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली, एका फडात एका हंगामी एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांची पट्टी प्रत्येक फडात. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय झाला, तर तोटा सर्वांच्या वाट्यास सारखा येई. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यावयाचे नाही, ते पाटकऱ्याने द्यावयाचे. पिकाची राखण जागल्याने करावयाची. पाटातील गाळ सर्वांनी मिळून काढावयाचा. बंधाऱ्याचा दगड टिकला तो या जाबत्यामुळे. विजेचे पंप विहिरींवर बसले, वरच्या अंगास धरणे झाली, प्रत्येकाला स्वतंत्र पाणी लाभले, आणि फडाचा सामायिक शब्द क्षीण झाला.

परंतु समाजाची व्यवस्था चोख असली की यंत्राचे सर्व परिणाम ताब्यात राहतात, असा निष्कर्ष येथून काढण्यास मी प्रवृत्त होतो तोच नांदूरमध्यमेश्वर आडवे येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यात, विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज सरकारने बंधारा घातला तो दारणा धरणाचे पाणी कालव्यांनी कोपरगावाकडे नेण्यासाठी. त्या पाण्यावर तिकडे उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे राहिले. इकडे बंधाऱ्यामागे गाळ साचला, पात्र उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. 1986 साली तेथे अभयारण्य झाले. 2020 साली रामसर यादीत नाव चढलेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ. हे पाणथळ कोणाच्याही नकाशात नव्हते. आणि त्याच गाळामुळे पुराचे पाणी चांदोरी-सायखेड्यात चढते, ही तेथील रहिवाशांची कैफियतही तितकीच खरी आहे. गाळ उपसावा तर पक्ष्यांचा आश्रय जातो, ठेवावा तर माणसांची घरे बुडतात.

म्हणून मी आता यंत्र, समाज आणि सृष्टी यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच सोडून देतो. तिघांपैकी कोणालाही अखेरचा शब्द नाही. सृष्टी आपले उत्तर शंभर वर्षांनीही देते, आणि ते ऐकून व्यवस्था बदलण्याचा अधिकार ज्यांना ते सोसावे लागते त्यांच्या हाती आहे की नाही, एवढीच कसोटी उरते. एका झाडामागे दहा झाडे, या हिशेबात तो अधिकार कोठेच नाही. रोप लावण्याचा मक्ता असतो, परंतु त्या रोपासाठी आणखी वीस वर्षांनी जाब देणारा कोणी नसतो.

ही कसोटी अव्यवहार्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात जावे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 नंतर कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. घनमापन पद्धतीने पाणी घेणे, पाणीपट्टी वसूल करणे आणि चाऱ्यांची देखभाल ही कामे या संस्थांनी अंगावर घेतली. शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन सोपविणारा कायदा महाराष्ट्रात 2005 साली झाला. वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्राचा कारभार आज शेतकऱ्यांच्या हाती आहे.