अवजार निवडावे कोणी?

भाजीच्या बागेसाठी अवजारे घेण्यास बाजारात गेलेला मनुष्य बहुधा दोनच गोष्टी विचारतो : किंमत काय, आणि टिकेल किती? हे प्रश्न शहाणपणाचे आहेत खरे. परंतु तिसरा एक प्रश्न राहून जातो. हे अवजार दिवसभर कोणाच्या हाती राहणार, आणि ते चालविताना त्याच्या शरीरास काय सोसावे लागणार? आमच्या मते हा तिसरा प्रश्न केवळ सोयीचा नसून नीतीचा आहे.

प्रथम कामाकडे पाहू. मेथी, कोथिंबीर यांचे वाफे दाट पेरलेले असतात. तेथे उभ्याने चालविण्याचे अवजार शिरत नाही. बसून, खुरप्यानेच एकेक तण काढावे लागते. परंतु वांगी, कोबी, टोमॅटो ही ओळीने लावलेली असतात. त्या ओळींमधून लांब दांड्याचे हातकोळपे सहज फिरते. तण कोवळे असतानाच मुळाशी कापले जाते, जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओलही टिकते. हरळी व लव्हाळा यांची गोष्ट निराळी. वरून कापल्याने ती मरत नाहीत. कुदळीने खणून हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या पाहिजेत. सारांश, एका अवजाराने सर्व कामे होत नाहीत. तरी पुष्कळ बागांत एक खुरपेच सर्व कामांस जुंपलेले दिसते. कारण ते स्वस्त असते, आणि वाकणारी पाठ विकत घेणाऱ्याची नसते.

यावर कोणी म्हणतील की, श्रम करणे हाच मनुष्याचा धर्म. मग ते सोपे करण्याची खटपट कशाला? याचे उत्तर आमच्या येरवड्यातच सापडते. १९३० साली येथील कारागृहातून महात्मा गांधींनी आश्रमवासीयांस दर आठवड्यास व्रतांविषयी पत्रे लिहिली. त्यांत पोटासाठी प्रत्येकाने अंगमेहनत केली पाहिजे, हा विषयही होता. त्याच कारावासाच्या काळात त्यांनी चरख्यावर प्रयोग करून तो पेटीत मावेल असा सुटसुटीत केला. त्यास येरवडा चरखा असेच नाव पडले. श्रमाची थोरवी सांगणाऱ्यानेच श्रमाचे साधन सुधारले, यात विसंगती नाही. मान श्रमास आहे, विनाकारण सोसलेल्या वेदनेस नाही.

दुसरे उदाहरण दूरच्या देशाचे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात शेतमजुरांस अगदी आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर ओणवे राहून काम करावे लागे. आखूड दांड्याने काम नेटके होते, असे मालक म्हणत. शिवाय कोण ताठ उभा राहिला हे मुकादमास दुरूनच दिसे. मजुरांच्या पाठी मात्र कायमच्या जायबंदी होत. शेवटी १९७५ साली त्या अवजारास तेथे बंदी झाली. लांब दांड्याच्या कुदळी आल्या, आणि शेती बंद पडली नाही.

आता सर्वांत कठीण प्रश्न. आपल्याकडे खुरपणी बहुतकरून स्त्रियाच करतात. चार दिवसांचे काम हातकोळप्याने दोन दिवसांत उरकले, तर त्या मजूर भगिनीची दोन दिवसांची मजुरी बुडेल. मग तिची पाठ वाचविणे म्हणजे तिची भाकर काढून घेणे होईल काय? हा आक्षेप खोटा नाही. परंतु तिला रोज मिळावा म्हणून तिला वाकलेलीच ठेवणे, हीही दया नव्हे. बचत झाली ती दोघांच्या कष्टाने व खर्चाने; मग तिचा लाभ एकट्या मालकाच्या खिशात का जावा? ज्याचे काम लवकर झाले त्याने रोज वाढवून द्यावा, किंवा उरलेल्या दिवसांत रोपे लावणे, भाजी काढणे, जुड्या बांधणे असे दुसरे काम द्यावे. स्त्री-पुरुषांस समान कामासाठी समान वेतन असा कायदा १९७६ साली झाला. पण कोळपे पुरुषाच्या हाती अधिक रोजाने आणि खुरपे स्त्रीच्या हाती कमी रोजाने, अशी वाटणी करून त्यातून पळवाट काढता येते. असे करणाऱ्यास कायदा कदाचित पकडणार नाही. त्याच्या विवेकाने तरी पकडावे.

म्हणून वाचकहो, अवजार घेताना ते चालविणाऱ्यास बरोबर न्या. दांडा त्याच्या उंचीस जुळतो की नाही, हे त्यालाच उभे राहून पाहू द्या. खुरपे घ्यावे, कोळपेही घ्यावे, आणि कानस विसरू नये. कारण बोथट पात्याची उणीव मजुराच्या मनगटाला भरून काढावी लागते. वाफसा आल्यावर खुरपणीस बोलवावे. वाळून कठीण झालेल्या जमिनीत कोणासही राबवू नये. यास थोडा अधिक पैसा लागेल. पण तो वाचविला, तर तितके मोल दुसऱ्या कोणाची पाठ देत असते.