मंच कोणाचा?

"हॉथॉर्न शेवटी गावालाच फितूर झाला," मावशी म्हणाली. "कादंबरीभर बॉस्टनच्या प्युरिटनांना झोडपलं, आणि पाद्री डिम्सडेलला शांती दिली कुठे? त्यांच्याच शिक्षेच्या मंचावर."

ही कादंबरी, 'द स्कार्लेट लेटर' (1850), मावशीने वर्गात वर्षानुवर्षं शिकवली आहे, तिच्याशी वाद घालायचा तर तयारीनिशीच घालावा लागतो.

"पण नायिका हेस्टरला व्यभिचाराची शिक्षा म्हणून तिथे उभं केलं होतं," मी म्हटलं. "हातात तान्ही पर्ल, छातीवर लाल 'ए', आणि तीन तास सगळ्या गावाच्या नजरा. डिम्सडेल सात वर्षांनी का होईना, आपणहून चढला. लादलेली विटंबना आणि स्वतः दिलेली कबुली एकाच मापाने कशी मोजायची?"

"फरक मान्य. पण ती सात वर्षं बघ ना! पहिल्याच दिवशी सज्जातून 'त्या पुरुषाचं नाव सांग' असं हेस्टरला विनवतो कोण? तोच पुरुष. पुढे प्रवचनात स्वतःला महापापी म्हणवून घेतो, तर भाविक आणखी भारावतात. एका रात्री मंचावर चढतो तेही गाव झोपल्यावर. हेस्टर उघडी पडली म्हणून ताठ उभी राहिली. हा झाकला गेला आणि आतून कुजला. म्हणजे उघडं पडण्यात औषध आहे, असंच ठरलं ना?"

"औषध? हेस्टरला मंचावर उभं केलं ती न्यायाधीशांची दया होती, कायद्यात देहदंडच होता. आणि हा नुसता कादंबरीतला कायदा नाही. 1644 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन यांना व्यभिचारासाठी खरोखर फासावर चढवलं. अशा गावात माणसाने मन मोकळं करायचं कुठे? बाकी सगळी दारं गावानेच लावून घेतली. मग उरलेल्या एका दारातून सुटका झाली, तर श्रेय दाराला द्यायचं?"

"हे वकिली उत्तर झालं. हॉथॉर्नचा खापरपणजोबा 1692 च्या सेलमच्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. वंशजाला त्या मंचाची लाजही वाटते आणि ओढही."

इथे मला मावशी अर्धीच बरोबर वाटते. कारण कबुलीनंतर गाव काय करतं, हेही हॉथॉर्नने लिहून ठेवलंय.

"ओढ म्हणतेस, मग शेवट आठव," मी म्हटलं. "डिम्सडेलने सगळ्यांसमोर छाती उघडी केली, तिथेच प्राण सोडला. तरी पाहणाऱ्यांतले काही म्हणालेच, छातीवर कुठलंही अक्षर नव्हतं. आमचा पाद्री निष्पाप, पतितेच्या मिठीत मरून त्याने आम्हाला दृष्टांत दिला. हेस्टरमध्ये असा दृष्टांत कोणी पाहिला?"

"पाहिला की! पापाचा."

"तेच म्हणतेय. चढणारा कोण, हे बघून गावाने काय दिसायचं ते ठरवलं. मंचावर सत्य उघडं पडतं, हा दावाच कोसळला."

"कोसळू दे. पण मग हेस्टर परत का आली? समुद्रापार गेली होती, मुलगी सुखात होती. एकाही न्यायाधीशाची सक्ती नसताना येऊन तेच अक्षर पुन्हा छातीवर लावलं."

"दुःखी बायका तिच्याकडे सल्ल्याला यायच्या."

"त्याला झोपडी पुरली असती. अक्षर कशाला?"

"एव्हाना ते तिचं झालं होतं."

"की ती गावाची झाली होती?"