उरलेल्यातून आलेलं दूध

खिडकी उघडी ठेवा. नया नगरात पहाटेची अजान होऊन गेली आहे, मीरा रोड स्टेशनकडून लोकलचे आवाज वाढू लागले आहेत. ओट्यावर गायीच्या दुधाची पिशवी आहे. पेलाभर दूध समोर ठेवा आणि बसा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या. आज या दुधाच्या मागे मागे जायचं आहे. घाई नको.

आधी गोठ्यात या. समजा, तो कोल्हापूरकडचा आहे. उसाच्या त्या मुलखातून मुंबईला रोज दूध येतं. मनानेच गव्हाणीत हात घाला. वाढ्याची कुट्टी हाताला लागेल, हिरवीगार, कडांना धारदार. तिच्यावर भिजून फुगलेली सरकी पेंड आहे, तूर चुनी आहे, गव्हाचा कोंडा आहे. वास घ्या. थोडा तेलकट, थोडा गोडसर.

आता एकेक वस्तू ओळखा. ऊस कारखान्याला गेला, शेंडे मागे राहिले, ती ही वाढी. विदर्भ-खानदेशात कापसातून सरकी वेगळी काढली जाते तेव्हा रुई निघते साधारण एक तृतीयांश. बाकी बहुतेक वजन सरकीचं. सरकीतलं तेल काढून घेतलं की पेंड उरते. लातूर-अकोल्याच्या गिरण्यांत तुरीची डाळ झाली की चुनी उरते. आपलं गोड, आपलं कापड, आपलं तेल, आपलं वरण. त्यातलं आपल्याला नको ते सगळं या एका गव्हाणीत आलं आहे.

इथे थोडं थांबा. दोन-तीन श्वास.

आता गायीकडे पाहा. ती बसली आहे, डोळे अर्धे मिटलेले, जबडा संथ फिरतो आहे. दिवसाचे सात-आठ तास ती रवंथ करते. तिच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, शंभर लिटरहून जास्त मावतं आणि तिथे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव काम करत असतात. उसाच्या पात्यातला चिवट तंतू आपल्या पोटाला कधीच पचला नसता. हे जीव तो फोडतात, गाय त्यावर जगते, आणि आपल्याला दूध मिळतं. आपण खाऊ शकत नाही ते खाऊन ती आपल्याला खाता येईल असं काही देते. हे वाक्य मनात एकदा सावकाश म्हणा.

पण उरलेलं आहे म्हणून ते कसंही द्यावं, असं नाही. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून जाणता शेतकरी नुसत्या वाढ्यावर गाय ठेवत नाही. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतो, जोडीला दुसरा चारा देतो. पेंडीला बुरशी लागली तर तिचं विष गायीपाशी थांबत नाही, दुधात उतरतं. गव्हाणीतलं आणि पेल्यातलं यांच्यात भिंत नाही. हे ध्यानात घेऊन पेल्याकडे पुन्हा एकदा पाहा.

आता घरी या. काल रात्रीचा ओट्याचा कोपरा आठवा. कलिंगडाच्या साली, मटाराची टरफलं, वाटीभर उरलेला भात. त्यांचं काय झालं? प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून टाकून दिलं असेल, तर त्या गाठीपाशी मन थांबवा. रस्त्यावरच्या गायीला आतल्या सालीचा वास येतो, पण गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. कोटीपोटातले जीव प्लॅस्टिक फोडू शकत नाहीत; ते तिथेच साठत जातं, एक दिवस चाऱ्याला जागा उरत नाही. दयेने ढीगभर शिळा भात, पाव घातला तरी तिचं पोट आंबतं, कधी जिवावर बेततं. दयेलाही माहिती लागते.

स्वतःला दोष देऊ नका. नुसतं पाहा आणि मग ठरवा. साल-टरफल वेगळं ठेवीन, पिशवीत बांधणार नाही. ओळखीचा गोठेवाला असेल तर त्याला विचारून, ताजं असतानाच देईन. नसेल तर ओल्या कचऱ्याच्या डब्यात मोकळं टाकीन. आपण खातो ते निवडून, धुऊन, पारखून घेतो. जे खात नाही तेही कुणाच्या तरी तोंडी जाणार आहे. त्यालाही तेवढाच हात लावायचा, तेवढ्याच काळजीने.

आता दूध प्या.