परत आलेले वजन

हरवलेली वस्तू परत मिळाली की माणसाला आनंद होतो. गाडीत विसरलेली छत्री सापडली, उसने नेलेले पुस्तक परत आले, रुसून गेलेला जावई दारात उभा राहिला, की घरात चहाचे आधण चढते. या नियमाला अपवाद एकच: गमावलेले वजन. ते परत आले की माणूस तोंड लपवतो. आणि ते पोटावर शस्त्रक्रिया करून गमावलेले असेल, तर मग विचारूच नका! असे का व्हावे, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो; मला तो नीतीचा वाटतो. म्हणूनच माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने त्यात तोंड घालायचे धाडस केले आहे.

आमची अक्का इथे होटगीतच राहते. नऊ वर्षांपूर्वी तिची शस्त्रक्रिया झाली. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात, त्या प्रकारची. तेव्हा तिचे वजन 118 किलो होते, सोबतीला मधुमेह होता, आणि स्टेशनचा जिना चढताना तिला दोनदा टेकावे लागे. दीड वर्षात ती 76 किलोवर आली. गल्लीतल्या बायका तिला मुद्दाम पाहायला येत. पुढे काटा हळूहळू वर सरकू लागला. आज तो 93 वर आहे. 'एवढे पैसे पाण्यात गेले' हे वाक्य आता तिला पाठ झाले आहे. ती लग्नकार्याला जात नाही, हे एक वेळ चालेल. पण ती डॉक्टरांकडेही जात नाही. मी फारच मागे लागलो, तेव्हा म्हणाली, "नापास झालेलं पोरगं मास्तरांच्या दारावरनं जातं का रे?"

ती खरोखर नापास झाली आहे काय?

स्वीडनमध्ये 1987 साली एक मोठी पाहणी सुरू झाली. शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले मिळून चार हजारांवर स्थूल माणसे तिच्यात होती. 2007 साली तिचे आकडे प्रसिद्ध झाले. जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन आरंभी सरासरी 32 टक्के उतरले होते. दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर आली. जठराला पट्टा बांधलेल्यांची 20 ची 14 झाली. म्हणजे थोडेफार वजन परत येणे ही एखाद्या खादाडाची कर्मकथा नव्हे. ती बहुतेकांची रीत आहे. आणि तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमीच राहिले.

याचे कारण आपल्या सोलापूरकडच्या माणसाला तरी परके वाटू नये. ज्याने 1972 चा दुष्काळ पाहिला, त्याच्या घरात पुढे कितीही सुबत्ता आली तरी ज्वारीची कणगी रिकामी राहत नाही. शरीर हे असेच दुष्काळ पाहिलेले म्हातारे आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 साली 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांश घटवले होते. पुढे अन्न मोकळे झाले तेव्हा पोट भरले तरी त्यांची भूक हटेना, आणि अंगावरची चरबी पहिल्यापेक्षाही वाढली. ही मुले स्वतःच्या तत्त्वासाठी युद्धाला नकार देणारी होती. त्यांच्यात मनोनिग्रह नव्हता, असे कोण म्हणेल?

यावर कोणी विचारील, "मास्तर, मग सगळे शरीरावर ढकलून मोकळे व्हायचे का?" मुळीच नाही. अक्काच्या हाती काहीच नव्हते, असे मी म्हणणार नाही. लहान झालेल्या जठरात दोन भाकरी मावत नाहीत. पण घासाघासाने दिवसभर शेव मावते, आणि गोड चहा तर सरळ उतरतो. परंतु दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. तलावात गाळ साचतो. म्हणून कोणी तलावाला चारित्र्यहीन म्हणत नाही. गाळ मात्र काढावाच लागतो, आणि एकदा काढला म्हणून कायमचा सुटत नाही. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे. वजन का वाढले ते तपासून घेणे, लोह आणि ब-12 जीवनसत्त्व पुरेसे आहे की नाही ते पाहणे, रोज चालणे, ताटात आधी डाळ-उसळ घेणे: ही जबाबदारी झाली. लाज यातले एकही काम करत नाही. उलट ती माणसाला डॉक्टरांच्या दारापासून दूर ठेवते. ज्या भावनेने रोग वाढतो, तिला सद्‌गुण कसे म्हणावे?

आणि आपण बारीक माणसे तरी कोणत्या तोंडाने बोलतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 2004 साली प्रसिद्ध झाला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, 22.3 या अंकाचे. पण साहेबाच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21.2 टक्के! तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दुसऱ्याच्या शरीराचा निवाडा करू नये, हे बरे.

मी गणित शिकवतो, म्हणून एक वजाबाकी मांडतो. अक्काचे 17 किलो परत आले, हे साऱ्या गावाने मोजले. 118 मधून 93 गेले की 25 उरतात, हे कोणी मोजले नाही. स्टेशनचा तो जिना ती आज एका दमात चढते, हेही कोणाच्या हिशेबात नाही. अपुऱ्या यशाला अपयश म्हणण्याची आपल्याला खोड आहे. आणि ती वजनापुरतीच नाही. दारू सोडून आठ वर्षांनी एकदा घसरलेला माणूस असो की फिटलेले कर्ज पुन्हा काढणारा शेतकरी, आपण त्याची मधली वर्षे पुसूनच टाकतो.

दिवाळीचे दिवस आहेत. 'घे गं, एकाच लाडवाने काय होतं?' आणि 'अगं, अजून खातेस?' ही दोन्ही वाक्ये आपण एकाच तोंडाने एकाच बाईला ऐकवतो. यंदा दोन्ही गिळून टाकावीत. फराळाचे ताट पुढे करावे. तिने नको म्हटले तर आग्रह करू नये, आणि घेतले तर मोजू नये. मोजण्याचे काम काट्याकडे राहू द्यावे. ते त्याला जमते, आणि तो टोमणा मारीत नाही.