वणवा आणि तळणीचें तेल

पातकी ठरण्यास हातीं शस्त्र असावेंच लागतें काय? मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत मांसासाठीं होणाऱ्या वधाचा विचार करितांना केवळ मारणारासच घातक म्हटलेलें नाहीं. अनुमति देणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा व खाणारा हे सर्व त्याच पंक्तीस बसविले आहेत. हा हिशेब आम्हीं आपल्या तेलाच्या डब्यास लावून पाहिला तर काय निघतें?

सुमात्रा व बोर्निओ ह्या बेटांवर पामच्या बागांसाठीं अरण्यें तोडलीं व जाळलीं गेलीं आहेत. तेथील दलदलींत सहस्रावधि वर्षांचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा सांचलेला आहे. चर खणून पाणी काढून टाकिलें कीं ती भूमीच सरपण होते. आग तिच्या पोटांत आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. २०१५ सालीं जून ते ऑक्टोबर ह्या काळांत इंडोनेशियांत सुमारें २६ लक्ष हेक्टर क्षेत्र जळलें व धुरामुळें सिंगापूर-मलेशियांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती सर्वच आग पामनें लाविली असें नव्हे. परंतु त्या लागवडीचा तींत मोठा वाटा होता.

आणि हें तेल परदेशांतून सर्वांत अधिक घेणारा देश आपला! फरसाण, बिस्किटें, वनस्पति तूप, साबण, सर्वांत तें आहे. मनूच्या गिऱ्हाइकास समोर मांस दिसत होतें; आम्हांस पुडीवर बारीक अक्षरांत 'पामोलिन' एवढेंच दिसतें. अंतरामुळें अज्ञान वाढतें हें खरें. पण तें सोयीचें असलें म्हणजे माणूस तें जपूनही ठेवितो.

मग हें तेल वर्ज्यच करावें काय? गोष्ट इतकी सरळ नाहीं. तेवढ्याच जमिनींत पाम सोयाबीनच्या कित्येक पट तेल देतो. तो सोडून दुसरें तेल धरिलें तर दुसरीकडे अधिक रान जाईल. शिवाय ज्या मजुराची भाजी ह्या स्वस्त तेलावर शिजते, त्यास नीति शिकविण्याचा अधिकार आम्हां सुस्थितांस कोणीं दिला? आमच्या मतें वांटा सर्वांचा आहे, पण सारखा नाहीं. ज्यास निवड करितां येते त्याचा मोठा. कारखानदाराचा त्याहून मोठा, कारण तेल कोणत्या जमिनींतून आलें हें दरडावून विचारण्याचें बळ त्याच्यापाशीं आहे.

२०२१ सालीं आपल्या सरकारनेंही ११,०४० कोटि रुपयांची योजना मंजूर करून ईशान्येकडील राज्यें व अंदमान येथें पाम लावण्यावर भर दिला. तेथील कोणती टेकडी मोकळी करावयाची हें ठरत असतांना सुमात्रा दूर आहे, ही सबब आम्हांस उपयोगी पडणार नाहीं.